सांत आंद्रेची पुळण

सांत आंद्रे म्हटलं की आम्हा गोवेकरांना आधी तिसवाडीतला विधानसभेचा मतदारसंघ आठवतो. भाविकाला फार तर गोवा वेल्हाचं नाहीतर वास्कोचं चर्च आठवेल. याच संताच्या नावाचं एक गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. सेंट अँड्र्यूज. जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शव आहे म्हणून तिथे जशी माणसं लोटतात, तशी मध्ययुगात या गावी लोटत, कारण सांत आंद्रेच्या अस्थी तिथे आहेत अशी श्रद्धा होती. त्या यात्रेवर गाव वाढलं. मोठं कॅथीड्रल उठलं, 1413 साली युनिव्हर्सिटी झाली. पुढे धर्मसुधारणेच्या धामधुमीत यात्रा बंद पडली. कॅथीड्रलच्या आज नुसत्या भिंती उरल्यात. युनिव्हर्सिटी मात्र जोरात आहे. आणि आणखी एक गोष्ट टिकून आहे, जिच्यासाठी जगभरातली माणसं आज तिथे यात्रेला येतात. समुद्राकाठचं गोल्फचं मैदान, ओल्ड कोर्स. गोल्फवाल्यांची पंढरीच म्हणा.

2023 च्या मे महिन्यात मी या पंढरीला जाऊन आलो. माझा धाकटा मावसभाऊ एडिंबरात नोकरीला आहे, आणि त्याला या खेळाचं वेड लागलेलं आहे. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते. अर्जात 'प्रवासाचे कारण' या रकान्यात मी 'नातेवाइकांची भेट' असं लिहिलं. 'गोल्फ' लिहिलं असतं तर फाइल अजून टेबलाटेबलावर फिरत असती.

यात गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट खरी आहे. गोव्यात गोल्फ हा शब्द आपल्या कानावर खेळ म्हणून आलाच नाही. घाटावरच्या इंग्रजी छावण्यांतून हा खेळ रुजला, कलकत्त्याला तर 1829 सालीच गोल्फ क्लब निघाला. आमच्याकडे पोर्तुगीज. आम्हाला फुटबॉल मिळाला. गोल्फ आला तो नव्वदीच्या सुमाराला, पर्यटनाच्या आराखड्यांतून. त्या वेळी मी शाळेत होतो. परदेशी पाहुण्यांसाठी मोठमोठी गोल्फ रिसॉर्टं येणार, त्यांना पाणी कुठलं देणार, जमिनी कोणाच्या जाणार, अशी चर्चा घरोघरी चालायची. आमच्या पिढीच्या मनात गोल्फ म्हणजे हिरवं गवत, भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणावर 'प्रवेश बंद' असा बोर्ड. मी सेंट अँड्र्यूजला गेलो तो खरं म्हणजे जगातलं सगळ्यात जुनं कुंपण बघायला.

एडिंबराहून आगगाडी फोर्थच्या त्या प्रचंड लोखंडी पुलावरून जाते आणि तासाभराने ल्यूकर्स नावाच्या छोट्या स्टेशनवर सोडते. खुद्द सेंट अँड्र्यूजला 1969 नंतर रेल्वे नाही. पुढे बसने जायचं. बस गावाजवळ आली तशी डाव्या हाताला मोकळी, उंचसखल, पिवळटहिरवी जमीन लागली, पलीकडे वाळूची टेकाडं आणि त्यापलीकडे समुद्र. मी कुंपण शोधत होतो. भाऊ म्हणाला, "दादा, हेंच तें." एवढी मोकळी जागा की कोणी बोट दाखवल्याशिवाय मैदान म्हणून ओळखूच येणार नाही.

ओल्ड कोर्सवर खेळायचं म्हणजे सोपं काम नाही. बाहेरच्या माणसाकडे आपल्या खेळाच्या दर्जाचा दाखला लागतो, ज्याला हँडिकॅप म्हणतात. मग नाव चिठ्ठ्यांत घालायचं, दोन दिवस आधी सोडत निघते, त्यात नाव आलं तर 2023 च्या हंगामात एका फेरीचे 300 पौंडांच्या आसपास मोजावे लागत. माझ्याकडे दाखला नव्हता, पौंड नव्हते, आणि आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नव्हती. भावाने त्यावर तोड काढलेली होती. म्हणाला, आपण हिमालयावर जाऊ.

हिमालय हे खरंच नाव आहे. ओल्ड कोर्सला लागून, समुद्राच्या बाजूला, एक अठरा होलांचं मैदान आहे, पण तिथे फक्त पटिंग करायचं. म्हणजे चेंडू उंच उडवायचा नाही, जमिनीवरून ढकलत होलात घालायचा. आपल्या गोट्यांसारखंच, फक्त काठी घेऊन. जमीन इतकी चढउताराची आहे की लोकांनी तिला हिमालय हे नाव ठेवलं. थोडेसे पौंड दिले की काठी मिळते, चेंडू मिळतो आणि कोणीही खेळू शकतो. शनिवारची दुपार होती. आमच्या पुढे एक आजोबा दोन नातवंडांना घेऊन खेळत होते, मागे कॉलेजची मुलं. मी पहिलाच चेंडू असा मारला की तो टेकाड चढून गेला आणि वळून पुन्हा माझ्या पायाशी आला. भाऊ म्हणाला, "मार, मार. हांगा कोणूच पळयना." खरं तर एक म्हाताऱ्या बाई पाहत होत्या. त्या जवळ येऊन म्हणाल्या, होलाकडे पाहू नका, उताराकडे पाहा, चेंडू उताराचंच ऐकतो. त्यानंतर थोडं जमू लागलं. अठरा होलांना मला 61 फटके लागले. भावाला 43. त्याने कार्डावर दोन्ही आकडे लिहून सही केली आणि कार्ड माझ्या खिशात घातलं.

त्या बाई या मैदानाच्या क्लबच्या सभासद होत्या. हा क्लब बायकांचा आहे आणि 1867 साली निघालेला आहे. त्या काळी बाईने खांद्याच्या वर काठी उगारणं असभ्य समजत, तेव्हा बायकांना मोठ्या मैदानावर कोण घेणार? त्यांच्यासाठी पटिंगची ही जागा निघाली, आणि गावचा नावाजलेला गोल्फवाला ओल्ड टॉम मॉरिस याने ती तयार करून दिली. शेजारी पुरुषांचा जो रॉयल अँड एन्शंट क्लब आहे, 1754 साली बावीस सरदार, प्राध्यापक आणि जमीनदारांनी मिळून काढलेला, त्याने बाईमाणसाला सभासद करून घ्यायचा ठराव केला तो 2014 च्या सप्टेंबरात. 260 वर्षांनी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी या गावाचं कौतुक करणार आहे आणि ते कौतुक डोळे मिटून केलेलं वाटू नये.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. ओपनसारखी मोठी स्पर्धा असली तरच अपवाद. त्यामागे ओल्ड टॉमचीच आख्यायिका सांगतात, की खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी असते, असं त्याने सुनावलं. तो 1865 पासून जवळजवळ चार दशकं या मैदानाचा राखणदार होता, तेव्हा त्याचं ऐकणं भागच होतं. आम्ही सकाळी नऊला पोचलो. बघतो तर सगळं गाव मैदानावर! कोणी कुत्र्यांना फिरवतंय, कोणी बाबागाडी ढकलतंय, पोरं फुटबॉल लाथाडतायत, एक जोडपं थर्मासमधली कॉफी पीत बसलंय. जिथे उभं राहायला माणसं जन्मभर पैसे साठवतात, तिथे रविवारी पेपर वाचता येतो. फक्त ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या मऊ गवतावर, आणि वाळूच्या खड्ड्यांत उतरू नये, एवढा एक शिरस्ता.

आम्ही अठराही होल चालायचे ठरवले. चेंडू नाही, काठी नाही, नुसती फेरी.

मैदानाचा आकार धनगराच्या आकडीच्या काठीसारखा आहे. गावापासून निघायचं, समुद्राला समांतर लांब जायचं, टोकाला वळसा घ्यायचा आणि परत गावात यायचं. जाण्याची आणि येण्याची वाट जवळजवळ एकच, म्हणून ग्रीनसुद्धा जोडीने. सात ग्रीन अशी आहेत की प्रत्येकावर दोन होल, एक जाणाऱ्याचं, एक येणाऱ्याचं, आणि गंमत म्हणजे दोघांच्या आकड्यांची बेरीज नेहमी अठरा. दुसऱ्याचा शेजारी सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा. पूर्वी येऊन-जाऊन बावीस होल होते. 1764 साली गावाकडचे काही छोटे होल जोडून मोठे केले, तेव्हा बावीसाचे अठरा झाले, आणि पुढे तोच आकडा सगळ्या जगाने उचलला. कोणा तज्ज्ञ कमिटीने ठरवलेला नव्हे. एका गावच्या पुळणीवर तेवढे बसले, म्हणून.

पुळण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. इंग्रजीत अशा जमिनीला लिंक्स म्हणतात. शेत आणि समुद्र यांच्या मधला वाळूचा पट्टा, जिथे काही पिकत नाही, म्हणून कोणाला नको असतो. आमच्या पुळणीवर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा वाळू धरून ठेवतात, तिथे मॅरम नावाचं पातं धरतं. आमच्याकडे केवडा आणि सुरू, तिथे गॉर्स नावाचं काटेरी झुडूप, मे महिन्यात पिवळ्या फुलांनी नुसतं पेटलेलं. डोक्यावर चंडोल गात होते. आमच्या पुळणीवर रापणकार जाळी सुकवतात, बायका सुंगटं आणि गालमो वाळत घालतात, पोरं कोयंडोबाल आणि क्रिकेट खेळतात. त्यांच्या पुळणीवर मेंढ्या चरत, ससे बिळं करत, गावचे लोक काठीने चेंडू मारत. वाऱ्यापासून लपायला मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांचे पुढे वाळूचे बंकर झाले असं सांगतात. आज ओल्ड कोर्सवर असे 112 बंकर आहेत. चौदाव्या होलावर एक आहे, त्याचं नाव हेल, म्हणजे नरक. पुरुषभर खोल. मी काठावर उभा राहून खाली पाहिलं, आणि खेळायचं नाही या विचाराने बरं वाटलं.

सतरावा होल जगातला सगळ्यात अवघड पार चार मानतात. मागे गावचा रस्ता, रस्त्याला दगडी गडगा, पुढे छोटासा पण दुष्ट बंकर. 1978 च्या ओपनमध्ये नाकाजिमा नावाच्या जपानी खेळाडूचा चेंडू त्यात गेला, आणि बाहेर काढता काढता त्या एका होलाला त्याचे नऊ फटके झाले. चांगला खेळाडू, वर येत होता, आणि एका खड्ड्याने त्याला खाली बसवला. लोक आजही त्या वाळूला त्याचं नाव घेऊन ओळखतात.

आणि मग अठराव्यावर तो प्रसिद्ध सांकव. स्विल्कन नावाचा एक व्हाळ मैदान कापून समुद्राला जातो. व्हाळ कसला, उडी मारून ओलांडावा एवढाच. त्यावर दगडी कमानीचा, दोन माणसं जेमतेम जातील एवढा पूल. सातशे वर्षांपूर्वी मेंढपाळांनी मेंढ्या पार न्यायला बांधलेला, असं सांगतात. जगातला प्रत्येक मोठा गोल्फपटू या दगडांवर उभा राहून हात हलवून गेलेला आहे. रविवारी तिथे फोटोंसाठी रांग होती. माझ्यापुढे एक मेंढीएवढा कुत्रा होता. तो आधी गेला. मला ते योग्य वाटलं, सांकव मूळचा त्याच्याच बिरादरीचा.

पुलापलीकडे एक डांबरी गल्ली मैदानाला आडवी छेदून समुद्राकडे जाते. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. ती सार्वजनिक वाट आहे, आणि ती फक्त रविवारी उघडी असते असं नाही. चालू खेळातसुद्धा गावचा माणूस टॉवेल खांद्यावर टाकून पहिल्या आणि अठराव्या होलाच्या मधून किनाऱ्यावर जातो, आणि शेकडो पौंड भरलेला पाहुणा काठी खाली करून थांबतो. हे दृश्य भावाने मला सांगितलं आणि मी त्याला दोनदा विचारलं, खरंच थांबतो? थांबतो म्हणाला.

असं का, याचं उत्तर कागदात आहे. आणि कागद हा माझा धंदा आहे, तेव्हा थोडं सविस्तर सांगतो.

स्कॉटलंडच्या राजाने 1457 साली गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावत. बंदी अर्थातच टिकली नाही. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन याला या पुळणीवर ससे पाळायचे होते. जागा गावाची, म्हणून त्याने गावाची संमती घेतली, आणि बदल्यात एक सनद लिहून दिली, की गावकऱ्यांचा इथे गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क कायम राहील. हा हक्क त्याने दिला नाही, तो आधीपासून होता. त्याने फक्त कागदावर कबूल केला. सरकारी भाषेत ज्याला आम्ही नोंद म्हणतो, ती झाली.

त्या नोंदीवर पुढे गावाची परीक्षा झाली. 1797 साली गावची कौन्सिल कर्जात बुडाली आणि पुळण तिच्या हातातून गेली. ज्यांच्या ताब्यात गेली त्यांनी तिथे धंद्यासाठी ससे पाळायला घेतले. बिळांनी मैदान खिळखिळं झालं. गोल्फवाले विरुद्ध सशेवाले असा झगडा वीस वर्षं चालला, कोर्टात चालला आणि मैदानावर हातघाईनेही चालला. शेवटी 1821 साली जेम्स चीप नावाच्या एका स्थानिक, गोल्फ खेळणाऱ्या जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि मैदान वाचलं. पण एका भल्या जमीनदाराच्या भरवशावर किती दिवस राहायचं? 1894 साली पार्लमेंटचा कायदा करून गावाने पुळण पुन्हा आपल्याकडे घेतली. नंतर कित्येक दशकं गावकऱ्यांना तिथे खेळ फुकट होता. 1974 साली जिल्ह्यांच्या फेररचनेत गावची कौन्सिलच बरखास्त व्हायची वेळ आली, तेव्हा पुन्हा कायदा झाला आणि लिंक्स ट्रस्ट उभा राहिला. त्या ट्रस्टवर फाइफ कौन्सिलचे आणि रॉयल अँड एन्शंट क्लबचे सारखेच प्रतिनिधी असतात. पहिल्या होलामागे क्लबची ती रुबाबदार दगडी इमारत आहे, 1854 सालची, जी सगळ्या फोटोंत दिसते. तिच्या दारातून सभासदाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. पण समोरचं मैदान क्लबचं नाही. दार त्यांचं, पुळण गावाची. गावचा रहिवासी पाहुण्यांच्या मानाने अगदी थोड्या पैशांत वर्षाचा परवाना काढतो आणि पाहुण्यांच्या पैशांवर मैदानांची निगा होते. ट्रस्टकडे आज अशी सात मैदानं आहेत.

आता आपल्याकडे येऊ. 1552 हे साल वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लगेच दुसरं साल आलं, 1526. त्या साली अफोंसो मेशियाने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले आणि राजाच्या वतीने मान्य केले. तोच तो फोराल. गावकारी, जिला पुढे कोमुनिदाद म्हणू लागले, तिचे हक्क, कर, जमिनीची वाटणी, गावच्या बैठकीत कोणी आधी बसायचं, सगळं त्यात आहे. तेसुद्धा कोणी बहाल केलेलं नव्हतं. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावकार खाजनांचे बांध घालत होते, शेतं पावणीला लावत होते, देवळाचा खर्च चालवत होते आणि उरलेल्यातून झोण वाटून घेत होते. सेंट अँड्र्यूजच्या सनदेपेक्षा आपला कागद 26 वर्षांनी जुना आहे. आणि ज्या सांत आंद्रेपासून मी सुरुवात केली तो भाग या कागदाच्या हद्दीतला आहे.

गावकारी म्हणजे रामराज्य होतं असं कोणी समजू नये. गावात राहणारा प्रत्येक जण गावकार नव्हता. झोण बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या वंशालाच. जमीन कसणारे हात वेगळे आणि बैठकीत बसणारे वेगळे. रॉयल अँड एन्शंटने बायकांना 260 वर्षं दाराबाहेर ठेवलं म्हणून आपण हसायचं कारण नाही. पण एक तत्त्व दोन्हीकडे सारखं होतं, की काही जमीन गावाची असते, ती एकट्याची होत नाही. तिकडे त्यांनी ते तत्त्व दर शंभरेक वर्षांनी नव्या कायद्यात पुन्हा लिहून घेतलं. आपल्याकडे 1961 सालची कोमुनिदादची संहिता आजही लागू आहे, पण कोमुनिदादच्या जमिनीचं नाव काढलं की हल्ली आधी अतिक्रमणच आठवतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला कूळ यांची नावं असतात. तिथे पोरांनी क्रिकेट खेळायच्या हक्काला रकाना नाही. माशे सुकवायच्या हक्कालाही नाही.

किनाऱ्यावर जायच्या वाटेसाठी आपल्याला कोर्टात जावं लागतं. दोनापावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याच्या वाटेचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2009 साली निकाल लोकांच्या बाजूने लागला. लोकांनी किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ते बघा, आणि ग्रॅनी क्लार्कच्या गल्लीत टॉवेल टाकून जाणारा तो माणूस आठवा.

गोल्फच्या बाबतीत सांगायचं तर मोबोरला आणि काणकोणात राजबागेला हॉटेलांच्या आवारात छोटी मैदानं झाली. मोठा वाद झाला तो तेरेखोलला. नदीपलीकडचं, तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र आणि समुद्र असलेलं आपलं हे इवलंसं गाव. केरीहून फेरीबोटीने जायचं. 1954 च्या 15 ऑगस्टला सत्याग्रहींनी तिथल्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. त्याच गावात अठरा होलांच्या गोल्फ मैदानाचा बेत आला आणि 2014 साली गावकरी त्याविरुद्ध उभे राहिले. आम्ही पिढ्यान्पिढ्या ही जमीन कसत आलो, काजू लावले, आम्ही कुळं आहोत, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण कोर्टकचेऱ्यांत गेलं. तेव्हा मी वर्तमानपत्रांत ते वाचत होतो आणि भांडण गोल्फचं आहे असंच सगळे म्हणत होते.

सेंट अँड्र्यूज पाहून आल्यावर मला वाटतं, गोल्फ हा त्यातला लहान भाग. खेळ वाईट नाही. मी 61 फटक्यांत तो खेळून आलोय, आणि संधी मिळाली तर परत खेळेन. पण तिथला खेळ त्या पुळणीतून उगवलेला आहे. बारीक पात्याचं तिथलंच गवत, वर्षभर झिमझिम पाऊस, बारा महिने थंड वारा. मैदान निम्मं आपोआपच राखलं जातं. ते पाहूनही वाळूची टेकाडं ढासळू नयेत म्हणून किनाऱ्याच्या बाजूला गवत लावतात, पायवाटा आखतात. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने रखरख. जांभ्याच्या सड्यावर तसलं हिरवं गवत मे महिन्यात जिवंत ठेवायचं तर विहिरींचं पाणी उपसावं लागणार, औषधं मारावी लागणार. तिकडचं गवत इकडे आणता येईल. तिकडची 1552 ची सनद कोणी आणत नाही.

भावाला मी परतीच्या गाडीत हे सगळं सांगत होतो. तो म्हणाला, दादा, तू गोल्फ बघायला आला होतास की सातबारा? मी म्हटलं, आमच्याकडे एक-चौदा असतो.

गावोगावच्या ग्रामसभांत असे बेत यापुढेही येतील. त्या वेळी नुसतं 'गोल्फ नको' म्हणून भागणार नाही, कारण समोरचा सेंट अँड्र्यूजचे फोटो दाखवेल. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुठून आणणार? समुद्रावर जायची वाट मैदानातून मोकळी राहणार का? आणि आयतारी मैदान कोणाचं? तिसऱ्या प्रश्नाला सभेत हशा होईल. होऊ दे. पण त्याआधी आपण आपलं काम करून ठेवायला हवं. आपल्या गावच्या पुळणीला, सड्याला, चरणीला म्हातारी माणसं कुठल्या नावाने ओळखतात, तिथून कुठली वाट कुठे जाते, तिथे कोण काय करत आलंय, हे त्यांना विचारून लिहून ठेवावं. माझ्या गावची अशी एक वही मी घातली आहे. आतापर्यंत एकोणीस नावं झालीत, आणि त्यातली सात सर्वेच्या नकाशावर नाहीत.